आधी पाणी, मग आग

प्लग काढून मेस्त्रींनी इंजिन फिरवलं, तशी सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या शर्टावर.

"हे तिसरं," धक्क्याची मालकीण म्हणाली. "एका हंगामात तिसरं. आणि तिन्ही तुमचीच."

मेस्त्री शर्ट पुसत राहिले. बावीस वर्षं ते वॉटर स्कूटरची मेलेली इंजिनं उघडून, झिजलेलं बदलून, पुन्हा उभी करत आले होते. साऱ्या किनाऱ्यावर त्यांना पुनर्जन्मवाले म्हणत. थट्टेनंच, पण म्हणणारे काम मात्र त्यांच्याकडेच आणत. या धक्क्यावर सहा स्कूटर होत्या. चारांत मेस्त्रींनी बांधलेली इंजिनं, दोनांत मूळची, खोकत का होईना रोज जाऊन येणारी. आणि नेमकी यांचीच इंजिनं माना टाकत होती.

"सील बघितले, गॅस्केट बघितलं. केसाएवढी फट नाही, ताई."

"मग पाणी काय आभाळातून पडलं?" तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "काल धुताना बंद पडलं म्हणून निभावलं. गिऱ्हाईक खोल पाण्यात असताना पडलं असतं तर? रिकंडिशन ते शेवटी रिकंडिशनच. चौथंही काढून न्या. मी सगळी नवी मागवते."

मेस्त्रींना पहिल्यांदाच स्वतःच्या हातांची शंका आली. आजवर लोकांना छातीठोकपणे सांगत होते, नव्याइतकंच टिकेल. आता वय झालं की काय, बोटांना फट कळेनाशी झाली की काय? बरं, ही बाई नाही म्हणाली की आठवडाभरात सगळा किनारा नाही म्हणणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेडच्या मागून पाण्याचा आवाज येऊ लागला. मेस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि कान दिला. पाणी चाललं होतं, इंजिन चालत नव्हतं. ते उठले आणि जवळजवळ पळतच मागे गेले.

मागे चौथी स्कूटर गाड्यावर चढवून ठेवली होती, तिच्या इंजिनाला आतलं खारं पाणी धुऊन काढायचा पाइप जोडलेला. मालकिणीचे वडील, आबा, शेजारच्या खांबावरच्या नळावर हात ठेवून उभे होते. मेस्त्रींनी आल्या आल्या नळ बंद केला.

"अहो, बंद काय करताय? आत्ताच तर सोडलंय. भरू द्या की."

"इंजिन चालू न करता?"

"मेस्त्री, चाळीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळलाय मी. आधी पाणी, मग आग. कोरड्यावर आग लावली की छप्पर उडतं. या डोळ्यांनी पाहिलंय." आबांनी स्कूटरच्या पाठीवरून हात फिरवला. "ती जुनी दोन ही बाकीची माणसं धुतात, कशीही, इंजिन चालू ठेवूनच. तुमच्या चारांना मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. एकदा उघडलेल्याला जास्त जपावं लागतं. मलाही उघडलंय डॉक्टरांनी, मला विचारा."

मेस्त्रींनी प्लग काढून पाहिले. कोरडे होते. हे वाचलं. प्लग पुन्हा बसवताना त्यांच्या जिवात जीव आला आणि दुसऱ्याच क्षणी लाजही वाटली, कारण आता आपण सुटायचं तर या म्हाताऱ्याला अडकवायला हवं होतं. मालकीण मागे येऊन उभी राहिली होती.

"आबा, बॉयलरचं तुमचं बरोबर आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "याचं उलटं असतं. आधी इंजिन, मग पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. नाहीतर पाणी धुराच्या वाटेनं आत शिरतं आणि इंजिन कुजतं." मग मालकिणीकडे न बघताच म्हणाले, "चूक माझी, ताई. इंजिनं बसवून गेलो, पण हे सांगायचं राहून गेलं."

आबा बोलले.

"राहून कसलं गेलं? सांगितलं होतंत. समोर करूनही दाखवलं होतंत. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हे कालचं यंत्र मला शिकवणार?" त्यांचा चेहरा पार उतरला होता, पण शब्द अडखळले नाहीत. ते लेकीकडे वळले. "तिन्ही मी मारली गं. यांचं नाव खराब करू नकोस. आणि उद्यापासून धुवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांग."

लेकीनं मेस्त्रींना विचारलं, "तिन्ही पुन्हा बांधायला किती दिवस?"

"तीन आठवडे."

"बांधा. नवी नकोत." ती जायला वळली आणि थांबली. "आणि आबा, हे चौथं अजून धुवायचं राहिलंय. दुसऱ्या कुणाला सांगू म्हणता? तुमच्याइतकं जपणारं आहे कोण इथं?"

ती गेली. मेस्त्री एक पाऊल मागे सरकले. त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही.

पाइप रिकामा लोंबत होता. आबांनी एक हात बंद नळावर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट इंजिनाच्या बटणावर. मान खांद्यात घेतली, डोळे गच्च मिटले आणि कोरडंच इंजिन चालू केलं.