डब्यातली फणसपोळी

काविळीने तानीबाईचे डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. "ही खाते तरी काय?" एवढंच त्यांनी विचारलं, तसा तिचा लेक धर्मराज चपापला. बेळगावात तो प्रयोगशाळेत अन्न तपासायचा. आईने यंदा धाडलेली फणसपोळी त्याने तपासली. ती स्वच्छ निघाली. मग खानापूरकडच्या घरातला तिचा स्वतःचा डबा आणून त्यातल्या पोळीचा अर्क काचपट्टीवर चढवला आणि जांभळ्या दिव्याखाली धरला. यकृत नासवणाऱ्या बुरशीच्या विषाचा ठिपका निळाशार चमकला. तो खाटेपाशी आला. "आये, बुरशीची पोळी खात हुतीस?" "व्हय रं, पुसून. तूच म्हणालतास न्हवं, बुरशीत इख असतंय? म्हणून चांगली तुला निवडून धाडायची." "मग ती टाकायची न्हाय?" तानीबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "उकिरड्यावर टाकलेलं कुणीतरी उचलून खातंय रं. आमी ल्हानपणी तेच खाऊन जगलाव."