एका थेंबाची पैज

"बिनरंगाची आणा," मोनाने दारातून पुन्हा बजावलं. "मागच्यासारखीच. पाण्यासारखी."

चपला पायात सरकवता सरकवता भूपेंद्रने कपाळावर हात मारला. "अवं, रंगच नाही तं लावाचं कायले? अन् महिन्याले दोन-दोन बाटल्या! नखं हायेत का भिंती?"

मोना नुसती हसली. भंडाऱ्याच्या मोटर-रिवाइंडिंगवाल्याची, जळक्या मोटरींना नव्या तारा गुंडाळून वार्निश पाजणाऱ्याची पोर ती. वार्निशच्या वासात वाढली, म्हणून हिला नेलपॉलिशचा नाद, असं भूपेंद्रने केव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि त्याने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी बदल नाही.

तुमसरात त्याचं दुकान झकास चाललं होतं. रिमोटवर धावणारे, दगडधोंडे तुडवणारे हातभर लांब खेळण्यातले ट्रक हा त्याचा धंदा. असे ट्रक चिखलात घातले की पाणी शिरतं, आणि पाणी शिरलं की आतली सर्किटं जळतात. भूपेंद्र ते पाणीबंद करून द्यायचा. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एक थेंब शिरला तर दुकान बंद.' तीन वर्षांत एकही ट्रक परत आला नव्हता. मग माणूस फुगणार नाही तर काय!

पद्धत त्याची स्वतःची होती. सकाळी सर्किटं काढून घरामागच्या अंगणात सुपात मांडायची. दिवसभर मोना सुपापाशी बसून कोंबड्या हाकायची. संध्याकाळी रिमोटचं ऐकणारं सर्किट फुग्यात घालून तोंड बांधायचं, मोटरला वीज देणारं दुसरं त्याच्या शेजारी, दोन्ही डब्यात, आणि झाकणाच्या कडेने सिलिकॉनचा डिंक.

"पाहा," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "ऊन खाल्लं का सर्किट कसं चकाकते! ओल गेली सारी."

चकाकायचं खरं.

आता नागपूरचा दुकानदार सूरज त्याला आपले सगळे ट्रक द्यायला तयार झाला होता. अट एकच. रविवारी एकोडीच्या तलावात चिखलापाण्यातून दहा फेऱ्या, आणि नंतर सगळ्यांसमोर डबा उघडायचा.

"अन् पाणी निघालं तं, भूपेंद्रभाऊ?"

"तं पाटी मी माह्या हातानं उतरवतो. सोमवारी राइस मिलमंदी कामावर जातो."

बोलून तर बसला. तीन वर्षांपूर्वी मिलची नोकरी सोडली तेव्हा सगळी मिल हसली होती. खेळण्यांवर पोट भरते का, म्हणाली होती. तिथे खाली मान घालून परत जाणं त्याला मरणाहून वाईट वाटलं असतं. पण जाणार कोण होतं!

बाजारात बिनरंगाची बाटली मिळाली नाही. भूपेंद्रने लालभडक उचलली.

"रविवारी एकोडीले लावून ये," तो घरी येऊन म्हणाला. "लोकाइले दिसू दे, कोनाची बायको हाये ते."

मोनाने बाटली उजेडात धरून पाहिली. "चालते," ती म्हणाली. "रविवारपुरती झाली."

शनिवारी तो तलावाचा चिखल पाहायला एकोडीला गेला आणि दिवे लागायच्या वेळी परतला. टेबलावर डबा भरून तयार होता.

"तुमाले उशीर झाला म्हनून मी भरला," मोना म्हणाली. "झाकन तेवढं लावा."

भूपेंद्रच्या कपाळाला आठी पडली. सर्किटांना कोणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. पण हिरवा फुगा तोंडाशी घट्ट बांधलेला, दुसरं सर्किट तळाशी पालथं नीट बसवलेलं. नाव ठेवायला जागा नव्हती.

"शिकली नं माह्यापासून!" तो खूश होऊन म्हणाला आणि सिलिकॉनची नळी उचलली.

रविवारी तलावाच्या पाळीवर ही गर्दी. मोना मोहाच्या झाडाखाली बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. घाबरली बिचारी, असं भूपेंद्रला वाटलं.

ट्रक चिखलात उतरला. दोन, चार, सहा फेऱ्या. सातवीला तो पाण्यात छतापर्यंत बुडाला, पाळीवर "गेला! गेला!" झालं, आणि ट्रक फुरफुरत पलीकडे निघाला. दहावी फेरी संपली तेव्हा शिट्ट्यांनी तलाव दणाणला.

"उघडा आता," सूरज म्हणाला.

"पाह्य, लेका!" भूपेंद्रने ट्रक डोक्यावर उचलून सगळ्यांना दाखवला, खाली ठेवला आणि ऐटीत सिलिकॉन कापून झाकण काढलं.

डब्यातून भसकन पाणी सांडलं.

भूपेंद्रने फुगा सोडला. त्यातूनही गढूळ पाणी निघालं. त्याच्या डोळ्यांपुढे मिलचं फाटक उभं राहिलं.

सूरजने रिमोटचा खटका दाबला. उघड्या, ओल्याचिंब डब्यासकट ट्रकची चाकं गरकन फिरली.

"अरे, पानी भरून हाये अन् चालून राहिला!" सूरज ओरडला. त्याने दोन्ही सर्किटं बाहेर ओढून उन्हात धरली. दोन्हींवर लालभडक, कडक थर होता, बारक्या ब्रशच्या रेघा उमटलेला. "सिलिकॉन-फुग्यात काही दम नाही, भाऊ. सारी कमाल या लेपाची हाये. हे ज्यानं केलं, माहे ट्रक त्यालेच देतो. कोनाचं काम हाये हे?"

भूपेंद्रने मोहाच्या झाडाकडे पाहिलं. मोना उठून उभी राहिली होती. पदर सावरायला तिने हात वर केले, आणि तिच्या दहाही नखांवर रंगाचा टिपूसही नव्हता.