विषय : सूट मिळणेबाबत

पहिल्या वर्षाच्या मुलींनी कॉलेजच्या होस्टेलवरच राहायचं, असा नियम. घरी कोणी आजारी असेल तरच सूट. मृणालीने अर्जात लिहिलं होतं, ‘आई घरात पडली, तिचा हात मोडला. मी नागाववरून रोज ये-जा करीन.’

पालक म्हणून सही करायला तिची आई कमळबाई प्लास्टरमधला हात सावरत आल्या. मृणाली झेरॉक्स काढायला बाहेर गेली, तशा त्या रेक्टरबाईंच्या टेबलावर वाकल्या.

"मॅडम, हिला सूट देऊ नका."

"अहो, तुमचा हात मोडलाय. मुलगी नको घरी मदतीला?"

"मी पडली न्हाय, मॅडम. आणि ही घरी असली, का आमच्या नवरा-बायकोच्या मधी पडते."