कोरं दूध

सपाट यायला हवी होती ती रेघ पडद्यावर वर उठली.

"जोतीरामभाऊ, बाटल्या बदलल्यात तुम्ही," क्रांती प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला म्हणाली.

"न्हाय मॅडम. पोलिसांच्या बाटलीचं सील अजून तसंच हाय. हे तुमचं कोरं दूध हाय."

दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी करणं हेच क्रांतीचं कोल्हापुरातलं पोटापाण्याचं काम. तिचं यंत्र मिश्रणातली गुंगीची औषधं वेगळी करायचं. प्रत्येक औषध नळीतून आपापल्या वेळेला बाहेर पडायचं आणि पडद्यावर उंचवटा उमटायचा. उंचवटा जेवढा मोठा, तेवढं औषध जास्त. पण संशयाचं दूध तपासण्याआधी औषध नसलेलं साधं दूध लावून बघायचं, असा नियम. त्याला सगळे कोरं दूध म्हणत. त्यातच काही सापडलं तर पुढचा निकाल कोर्टात टिकत नाही.

आणि हा निकाल टिकायलाच हवा होता. बयाबाई नावाच्या बाईच्या पाळणाघरात दोन मुलं दूध पिऊन झोपली, ती दवाखान्यातच जागी झाली. मुलांनी किरकिर करू नये म्हणून बाईनं दुधात झोपेची गोळी विरघळवली, असा संशय. ते कळल्यापासून क्रांतीला अन्न गोड लागत नव्हतं. तिची तेजस्वी दीड वर्षाची.

"असल्या बाईला भर चौकात उभं करायला पायजे," ती सकाळीच जोतीरामला म्हणाली होती. "आमचं नशीब, घरात आजी हाय. परक्याच्या दारात पोर टाकायची वेळ आली न्हाय."

सासूबाईंचं तिला भारी कौतुक. गुडघे धरलेले, नवरा गेल्यापासून गोळीशिवाय डोळा लागत नाही, तरी नातीचं सगळं त्याच करायच्या. पोरही अशी शहाणी, की दुपारभर घरात आवाज नाही. राजारामपुरीतल्या शेजारणी हेवा करायच्या आणि क्रांतीला ते आवडायचं.

तिनं यंत्राची नळी धुतली. आधी नुसतं द्रावण सोडलं. रेघ सपाट आली. म्हणजे यंत्र स्वच्छ होतं. मग तेच कोरं दूध पुन्हा लावलं. उंचवटा पुन्हा उठला, त्याच जागी. झोपेच्या गोळीच्या शुद्ध औषधाची रेघ तिनं शेजारी लावली. दोन्ही उंचवटे एकाच वेळेला येत होते. दुधातला चांगलाच मोठा होता.

"दूधवाल्यानं तर काय घोटाळा केला नसंल?" जोतीरामनं विचारलं.

"त्याच दुधाचा चहा पिऊन आलेय मी. मला काय..."

पिशवीचं दूध पातळ, म्हणून कोरं दूध ती नेहमी घरचं, म्हशीचं आणायची. पातेल्यातून काढायची. आज उशीर झाला होता. सासूबाईंनी ओट्यावर भरून ठेवलेली एक बाटली दिसली, तीच तिनं पर्समध्ये टाकली. आई दुसरी भरतील, एवढाच विचार केला.

ती बाटली आता टेबलावर होती. तिच्यावर निळा हत्ती होता आणि वर रबरी निपल.

क्रांतीनं घरी फोन लावला.

"आई, तेजू उठली काय?"

"न्हाय की," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "तिची बाटली कुठं गेली कुणास ठाऊक, म्हणून दुसरी भरली. तू गेल्यापासनं कूसबी बदलली न्हाय बघ. लई गुणाची पोर."