खंड येऊ देत

त्या रविवारी माझे वडील, आबा, अंगणात मटार सोलत बसले होते. मी पुन्हा विचारलं, "लढाईत त्या टेकडीवर नेमकं काय झालं होतं?" त्यांनी ताटात शेंगांची टेकडी रचली, तिच्याभोवती चार दाणे ठेवले आणि लगेच सगळं हातानं मोडून टाकलं.

"नको. नाला डावीकडे होता की उजवीकडे, आठवत नाही. चुकीचं सांगणं म्हणजे तिथे राहिलेल्या पोरांशी बेईमानी. खंड येऊ देत, मग नकाशावर बोट ठेवून सांगतो."

एकाहत्तरच्या युद्धाचा पाच खंडांतला इतिहास आम्ही प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवला, तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. आता ती नोकरीला लागली, तरी पहिला खंड 'लवकरच' येणार होता.

"हे प्रकाशक फौजेत असते तर आपण हरलोच असतो," मी चिडून म्हटलं.

आबा खळखळून हसले. "वाट बघायला फौजच शिकवते, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते कोसळले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

तेरावं झालं आणि प्रकाशकांचा फोन आला. "सुभेदारसाहेबांना कळवा, पहिला खंड आला!" ते गेल्याचं मी सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "अरेरे. मग प्रत त्याच पत्त्यावर पाठवू ना?"

"पाठवा," म्हणून मी फोन आपटला. आबांच्या रिकाम्या खोलीत जाऊन मोठ्यानं म्हणाले, "आबा, मला नकाशा नकोच होता. तुम्ही तेव्हा बावीस वर्षांचे होतात. तुम्हाला भीती वाटली होती का, एवढंच मला विचारायचं होतं."