झोपाळू घुबडाचा पत्ता

"नाव राहू द्या, ईमेलचा पत्ता सांगा. आमच्याकडे त्यावरूनच सापडतं," प्रकाशनसंस्थेच्या दारातल्या टेबलामागची मुलगी म्हणाली.

मास्तरांनी मागे पाहिलं. बाकावर तिघंजण बसले होते. त्यांनी घसा खाकरला आणि जमेल तितक्या हळू म्हणाले, "झोपाळू घुबड."

"काय?"

"झोपाळू. घुबड. अठ्ठ्याऐंशी."

बाकावरच्या एकाला ठसका लागला. मुलीनं ओठ दाबून धरले, तरी खांदे हलायचे ते हललेच. छत्तीस वर्षं पोरांचे कान लाल करणाऱ्या मास्तरांचे कान आज कोणी हात न लावता लाल झाले.

"बसा. आत विचारते."

मास्तर बाकाच्या टोकाला बसले. हसण्याचं त्यांना एवढं काही नव्हतं. पत्ता त्यांचा नव्हताच, खरी लाज त्याची होती.

पत्ता त्यांच्या लेकीचा होता. कॉलेजात असताना ती सकाळी नऊपर्यंत लोळायची, म्हणून मास्तर तिला घुबड म्हणायचे. तिनं जिद्दीनं तेच नाव घेतलं आणि त्याच नावानं घरबसल्या प्रुफं तपासायची कामं मिळवायला लागली. "असल्या नावाला काम कोण देणार?" असं मास्तरांनी शंभरदा विचारलं. कामं मात्र येत राहिली. मास्तरांना तेच जास्त झोंबायचं.

मग दोन वर्षांपूर्वी तो फोन आला. मुलगी अंघोळीला गेली होती. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "प्रुफं तपासणाऱ्या मॅडम आहेत का?"

"इथे मॅडमबिडम कोणी नाही," मास्तर म्हणाले. "एक घुबड आहे, ते अजून उठायचंय."

आणि फोन ठेवला. त्या गृहस्थांनी तिला पुन्हा काम दिलं नाही. मुलगी भांडली नाही, रडली नाही. चौथ्या दिवशी बॅग भरून गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, कुठल्याशा कचेरीत नोकरी लागली, एवढं बायकोकडून कळलं. पुढचं मास्तरांनी विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

तिचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला, आणि त्यावर तिचं ईमेलचं टपाल उघडं. महिन्याभरात तिथे या प्रकाशनाचं पत्र आलं. शालेय पुस्तकाची प्रुफं आहेत, तपासाल का? खाली सही नव्हती, नुसतं ‘संपादन विभाग’.

बायकोकरवी निरोप धाडायचा, एवढंच करायचं होतं. मास्तरांनी ते केलं नाही. आपल्यामुळे तिचं एक काम गेलं, दुसरं तरी जाऊ नये, असं काहीसं मनात आलं आणि एका बोटानं त्यांनी ‘होय’ टाइप केलं.

मग दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं. मानधन मुलीच्या खात्यात जायचं, म्हणजे ही चोरी नव्हे, अशी ते स्वतःची समजूत घालायचे. पण ‘प्रुफं उद्या पाठवते’ असं लिहिताना त्या ‘ते’शी बोट दर वेळी अडखळायचं. संपादन विभाग मोठा मायाळू होता. ‘डोळ्यांना त्रास होत नाही ना? घाई करू नका,’ असंही कधी लिहायचा. ते वाचून मास्तरांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. ‘आता कायमचा करार करायचा आहे. हा पत्ता त्यावर शोभणार नाही. स्वतःच्या नावाचा कळवा.’

तीन दिवस मास्तर ते पत्र उघडून मिटत राहिले. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती वाळलेले कपडे घडी घालत होती.

"पत्रानं नाही निस्तरायचं हे," ती म्हणाली. "जाऊन सांगा."

"काय सांगू? दोन वर्षं मुलगी होऊन लिहितोय म्हणून?"

"तसंच सांगा."

"आणि तिच्या कानावर गेलं तर?"

बायकोनं चादर झटकली. "ते टोक धरा जरा."

"आजोबा, जा आत," टेबलामागची मुलगी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मास्तर दार लोटून आत गेले. मान वर करायचा धीर होईना. टेबलाची कड दिसत होती, तिच्यावर प्रुफांचा गठ्ठा, त्यांनीच केलेल्या तांबड्या खुणा. वर्गात पकडलेल्या पोरासारखे ते दोन्ही हात पुढे धरून उभे राहिले.

"आधी माझं ऐकून घ्या, मग काय ते बोला," ते म्हणाले. "ज्यांच्या नावानं तुम्हाला कामं आली, त्या बाई मी नव्हे. त्यांचा बाप आहे मी. सगळं मी तपासलं, चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या."

प्रुफांचा गठ्ठा जरा बाजूला सरकला.

"मी तिच्या कामाची टर उडवली. परक्या माणसापाशी तिचा अपमान केला. माफी मागायला हवी होती, ते धाडस झालं नाही. म्हणून तिचं काम करत बसलो." "करार करू नका. पण तिच्या नावाला बट्टा लावू नका, एवढं करा. तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही."

खुर्ची मागे सरकली.

"तिला सगळं ठाऊक आहे, बाबा," लेकीचा आवाज आला. "संपादन विभागाची सगळी पत्रं तीच लिहीत होती."