नाक्यावरची काठी

नाक्यावर त्याच हवालदाराने पुन्हा काठी उगारली. गेल्या महिन्यात ती काठी हौसाक्काला सापासारखी वाकडी दिसली, अडवायला गेलेला हात चुकला आणि फटका दाणकन खांद्यावर बसला. चाळीस वर्षं पोरींना लाठीकाठी शिकवणारी बाई रस्त्यावर आडवी!

लॉकडाऊनमुळे डोळ्यातली दोन इंजेक्शनं हुकल्यामुळे आतला पडदा सुजला होता, सरळ वस्तू वाकड्या दिसत होत्या. तिसरं चुकलं तर नजरच जाणार होती. सुजल्या खांद्याने ती तशीच दवाखान्यात पोचली. सोबतीला कुणाला आत घेत नव्हते, मास्क गालांना चिकटपट्टीने डकवलेला, बोलायचीही बंदी. शिव्या गिळत तिने बुबुळाशेजारी सुई सोसली.

आज पुढची सुई.

“म्हातारे, घरी बसवत नाही?” हवालदार गरजला.

काठी आली. यावेळी सरळ, अगदी रेघेसारखी सरळ! हौसाक्काने ती हवेतच पकडून असा झटका दिला की गडी गुडघ्यांवर कोसळला.

“डोळ्यात सुई टोचून घ्यायला निघालेय, जत्रेला न्हवं!” तिने डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. मग काठी परत त्याच्या हातात कोंबली.

“आणि धरतोस कशी रं ही? अंगठा वर घे.”